ओपी-१ वर गाणं हातावेगळं करताना

ओपी-१ घेतल्यावर वर्षभरात माझ्याकडे चाळीसेक तुकडे जमले होते. कुठे बेसची एक ओळ, कुठे नुसता ठेका. पूर्ण झालेलं गाणं मात्र एकही नव्हतं. नव्याने हे यंत्र घेणाऱ्या अनेकांचं घोडं इथेच अडतं, म्हणून लिहितोय.

यंत्राची ओळख थोडक्यात. स्टॉकहोमच्या टीनेज इंजिनिअरिंगने २०११ मध्ये आणलेला, दप्तरात सहज मावणारा हा सिंथेसायझर. २४ पट्ट्या आणि आत चार ट्रॅकची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या चार पदरांची टेप. ती आभासी असली तरी वागते खऱ्या टेपसारखी. लांबी सहा मिनिटं. वेग निम्मा केला तर बारा मिळतात, पण आवाज मळकट होतो. मी मूळ मॉडेलबद्दल सांगतोय. २०२२ च्या ‘फील्ड’ आवृत्तीत ट्रॅक स्टीरिओ झालेत.

संगणकावर काम करणाऱ्याला आधी सगळं रेकॉर्ड करायचं आणि मग निवांत मिक्सला, म्हणजे आवाजांचा मेळ बसवायला बसायचं, ही सवय असते. इथे तसं जमत नाही. मिक्सरमध्ये प्रत्येक ट्रॅकची लेव्हल (आवाज किती मोठा) आणि पॅन (डावीकडे की उजवीकडे) मिळतो, पण ईक्यू, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमीजास्त करायची सोय, सगळ्या गाण्याला मिळून एकच. शिवाय एका ट्रॅकवर दुसरा आवाज चढवला की दोन्ही एकजीव झाले, पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. म्हणून निम्मं मिक्सिंग रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधीच होतं.

माझं एक गाणं यावरच अडकलं होतं. घरची पेटी मी यंत्राच्याच माइकवर रेकॉर्ड केली, खर्जात, कारण ऐकायला भारदस्त वाटत होती. त्याखाली सिंथचा बेस घातला आणि दोन्हींचा नुसता चिखल झाला. दोन संध्याकाळी मी पेटी खाली, बेस वर, बेस खाली, पेटी वर एवढंच करत बसलो. शेवटी पेटी मध्य सप्तकात वाजवून तो ट्रॅक नव्याने घेतला. पाच मिनिटांचं काम. बेसला हातही लावला नाही, तरी तो मोकळा झाला. तेव्हापासून दोन आवाज भांडायला लागले की मी लेव्हलला हात घालत नाही. आधी एकाचं सप्तक बदलून बघतो.

किक (ठेक्यातला जड ठोका) आणि बेसचंही तेच. दोघांना एकाच ट्रॅकवर कोंबायचं नाही. माझी वाटणी अशी: पहिल्यावर ठेका, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर सूर धरणारं वाद्य, चौथ्यावर चाल आणि बाकीची नक्षी. चौथ्यावर आवाज चढवण्याआधी ती जागा कापून टेपवर पुढे, रिकाम्या भागात एक प्रत ठेवून देतो. बिघडलं तर तिथून परत आणता येते.

आता ऐकण्याबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे होती. पुणे–मुंबई प्रवासात मी गाडीतच मिक्स करायचो. खंडाळ्याच्या घाटात बेस अगदी नेमका वाटायचा आणि घरी आल्यावर भिंती हलायच्या. गाडीची घरघर खालच्या स्वरांचीच असते. ती बेस झाकते आणि आपण नकळत नॉब वर नेत राहतो. आता प्रवासात चाली सुचवून घेतो, तुकडे जुळवतो. लेव्हल ठरवतो ती घरी, रात्री, हळू आवाजात. हळू आवाजात कानाला खालचे-वरचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. त्यामुळे अशा वेळी बेस जरा कमी वाटला तर तो तसाच राहू द्यावा. चाल आणि ठेका तेवढे स्पष्ट ऐकू यायला हवेत. मग एकदा फोनच्या स्पीकरवर. तिथे बेस पूर्ण गायब होत असेल तर त्याला थोडा खरखरीत, वरच्या स्वरांनी भरलेला आवाज द्यावा लागतो, आणि तो पुन्हा रेकॉर्ड करावा लागतो.

मिक्सरच्या शेवटच्या पानावरचा ड्राइव्ह नॉब मोह पाडतो; तो सगळं गाणं दाबून मोठं करतो. फिरवला की गाणं एकदम ‘तयार’ वाटतं. मी तो अगदी थोडा ठेवतो. स्पॉटिफाय एरवी गाणी ऐकवताना -१४ एलयूएफएसच्या (गाणं कानाला किती मोठं लागतं ते मोजायचं एकक) आसपास आणतं, म्हणजे ठोकून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जातं. ठेक्याचा दम मात्र गेलेला असतो, तो परत येत नाही.

मग अल्बम, म्हणजे चारही ट्रॅक मिळून तयार गाणं यंत्रातच उतरवून घ्यायची सोय. ए किंवा बी बाजू निवडायची, रेकॉर्ड लावायचं आणि टेप सुरुवातीपासून सोडायची. गाणं जेवढं, तेवढाच वेळ लागतो, आणि त्या वेळात हात नॉबवर ठेवता येतात. पेटीच्या त्या गाण्यात शेवटच्या वीस सेकंदांत मी ठेका हातानेच हळूहळू खाली नेला. तिसऱ्या वेळी जमला.

नंतर यूएसबीने जोडून अल्बमची फाइल काढून घ्या. सोबत टेपच्या फोल्डरमधल्या चारही ट्रॅकच्या फाइली गाण्याचं नाव आणि तारीख घालून जपून ठेवा. मूळ मॉडेलमध्ये एका वेळी एकच टेप राहते, त्यामुळे पुढचं गाणं सुरू करायचं तर ती पुसावीच लागते.