जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? मराठी टायपिंग आधी लावा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून नाशिकमध्ये सिडको असो की नाशिकरोड, कुणी ना कुणी विचारतंच, ‘लॅपटॉप भंगारात देऊ का?’ अजिबात नको. चार जीबी रॅम असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम मजेत चालते.

विंडोज पुसण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमधल्या जुन्या फायलींची पीडीएफ करून ठेवा. ते फॉन्ट युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धत) नाहीत, त्यामुळे मिंटमध्ये नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

मग इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघा. आवाज, प्रिंटर, वायफाय ठीक असेल तर इन्स्टॉल करा. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल, आणि वायफायचा ड्रायव्हर शोधायला मिंटमधलं ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

माझं घोडं बरेच दिवस अडलं होतं ते मराठी टायपिंगपाशी. लोक कंटाळून विंडोजकडे परत जातात तेही बहुतेक इथूनच. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘अमुक साइटवर इंग्रजीत लिहा, मराठी होतं, कॉपी-पेस्ट करा.’ कृपा करून हे करू नका. सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी, साठेखताचा मसुदा, वडिलांचं मृत्युपत्र हे सगळं कुणाच्या सर्व्हरवर जातंय, तुम्हाला काय माहीत? एकीकडे हे करायचं आणि दुसरीकडे प्रायव्हसीसाठी लिनक्स घेतलं म्हणून सांगायचं!

कीबोर्ड मिंटमध्येच आहे. कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटच्या (अक्षरांच्या मांडणीच्या) यादीत भारताखाली मराठीचे दोन प्रकार सापडतील: एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाण मांडणी, आणि फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावर बेतलेली. कधीमधी चार ओळी लिहिणाऱ्याने फोनेटिक घ्यावं. रोज लिहिणाऱ्याने मुकाट्याने इनस्क्रिप्ट शिकावं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. हात बसला की फोनेटिककडे बघावंसं वाटत नाही.

यादीत इंग्रजी पहिल्या नंबरवरच ठेवा आणि पासवर्डही इंग्रजीच ठेवा. पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात. लेआउट मराठीवर राहिला असेल तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो आणि माणूस उगाच सगळं पुन्हा इन्स्टॉल करायला बसतो. भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्टसारखी जोडी त्याच सेटिंगमध्ये ठरवून टाका.

आता ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द लिहून बघा. द्राक्ष-कांद्याच्या या जिल्ह्यात तो अर्जाअर्जात लागतो आणि निम्म्या वेळा ‘शेतकर्यांना’ असा छापला जातो. साधा र घेऊन पाय मोडला की रफार डोक्यावर चढतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा म्हणजे ऱ येतो, मग डी दाबून पाय मोडा, मग य. ळ हवा असेल तर शिफ्ट आणि एन. हे दोन बोटांत बसले की बाकीचं आपोआप येतं. की-बोर्डवर चिकटवायचे स्टिकर विकत घेऊ नका. नजर खाली जाते ती जातेच.

शेवटी, फायरफॉक्स ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका. मिंट बिघडलं तर मागच्या स्थितीत नेणारं टाइमशिफ्ट चालू करा, पण ते फक्त सिस्टिम सांभाळतं. फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या.