गाडी मिसिंग मारतेय? प्लग-कॉईल आणायला पळण्याआधी या चुका टाळा

दीड-दोन लाख किलोमीटर झालेली पेट्रोल गाडी मिसिंग मारायला लागली (म्हणजे एखादा सिलेंडर नीट पेटत नाही, गाडी झटके खाते) की आपल्याकडं ठरलेला कार्यक्रम, मोबाईलवर एक व्हिडिओ बघायचा, चार स्पार्क प्लग, त्यांना ठिणगीची वीज देणाऱ्या चार कॉईल घेऊन यायच्या, घरीच बसवायच्या आणि मग "तरी जात नाय ओ" म्हणत गॅरेजला यायचं.

न तपासता पार्ट बदलणं हीच सगळ्यात महागातली चूक. स्कॅनरला पी०३०३ हा बिघाडाचा कोड आला म्हणजे तिसऱ्या सिलेंडरला मिसिंग आहे एवढंच कळतं, कॉईल गेली असं त्यात कुठं लिहिलेलं नसतं. कोडचा फोटो काढून ठेवा, तिसऱ्याची कॉईल पहिल्याला लावा, कोड पुसा आणि एक चक्कर मारून या. आता पी०३०१ आला तर कॉईलच खराब, पी०३०३ च राहिला तर ती सुटली, मग प्लगची अदलाबदल करा. दोन्ही एकदम हलवू नका, कळणार कसं? फुकटातलं काम आहे पण तेवढा दम कुणाला नसतो.

मागं वाईची एक गॅसकिटवाली जुनी गाडी आलेली. एका गॅरेजमध्ये प्लग, कॉईल, पेट्रोल पंपसुद्धा नवा टाकून झालेला. सकाळी गार इंजिनवर ठीक, पण तापली की साताऱ्यात पोवई नाक्यावर ट्रॅफिकमध्ये उभ्या उभ्या अख्खी गाडी थरथरायची, रेस दिली की परत बरी. असं ऐकलं की माझा हात आधी कंप्रेशन गेजकडं, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजायच्या मीटरकडं जातो. बाकीचे सिलेंडर १६० पीएसआयच्या आसपास आणि तिसरा ९५! प्लगच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत बघितलं, काटा तिथंच. वाढला असता तर पिस्टनच्या रिंगांवर संशय, नाही वाढला म्हणजे बहुतेक व्हॉल्व्ह, सिलेंडरची झडप. टॅपेट कव्हर उघडलं तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फिलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) ०.०५ मिमीची पात पण शिरंना. गॅसवर पळून पळून व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसत जातो, टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा गॅप संपतो, आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. टॅपेट सेट केले, मिसिंग गेलं. व्हॉल्व्ह जळला नव्हता म्हणून, नाहीतर हेडच उतरवायला लागलं असतं. आता त्या नव्या पंपाचे पैसे कोण देणार राव.

दुसरं, चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना तशीच यवतेश्वरचा घाट चढवत कासला जाणारे लोक. अहो, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतनं वितळतो, त्याची किंमत एकदा विचारून बघा. आणि नुसता कोड पुसून दिवा घालवणाऱ्यांनी तर कहर केलाय, कोडबरोबर त्या वेळचं आरपीएम, टेंपरेचर सगळं पुसलं जातं, मग आम्ही काय बघायचं?

गरम इंजिनवर प्लग सोडवू नका, हेड अॅल्युमिनियमचं असतं, आटे निघून येतात.

प्लगच्या खड्ड्यात तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदला, फडक्यानं पुसून परत प्लग लावणं म्हणजे महिन्याभरात परत तेच.

हवेची गळती शोधायला चालू इंजिनवर पेट्रोल शिंपडणाऱ्यांना काय बोलायचं, आग लागली म्हणजे?

आणि गाडी उसाच्या फडाशेजारी लागत असेल तर इंजेक्टरच्या वायरी आधी बघा, उंदीर कुरतडतात आणि बिल मात्र कॉईलचं फाटतं.