गोव्यात चार भाड्याच्या घरांची इमारत: हिशेब, कागदपत्रे आणि कर्ज

गोव्यात घर भाड्याने देण्याचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कळंगूट-कांदोळीचा किनारा उभा राहतो आणि पर्यटकाकडून एका रात्रीचे किती मिळतील याची आकडेमोड सुरू होते. तो धंदा वेगळा आहे. त्यासाठी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, रोजची देखभाल करावी लागते, आणि पावसाळ्यातले रिकामे महिने सोसण्याची तयारी ठेवावी लागते. येथे विचार केला आहे तो वर्षाचे बारा महिने राहणाऱ्या भाडेकरूचा. कुंडई, मडकई आणि वेर्णा येथील औद्योगिक वसाहतींत काम करणारे लोक, फर्मागुढीला शिकणारे व शिकवणारे, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील निवासी डॉक्टर आणि परिचारिका, तसेच जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यानंतर पेडणे तालुक्यात आलेला कर्मचारीवर्ग, या सर्वांना किनाऱ्याचे दृश्य नको असते. पाणी, वीज, बसची सोय आणि परवडणारे भाडे हवे असते.

अशा भाडेकरूंसाठी एकेक फ्लॅट घेण्यापेक्षा एकाच जागेवर तीन-चार स्वतंत्र घरे असलेली छोटी इमारत अधिक चांगली, असे माझे मत आहे. एकच फ्लॅट असेल आणि भाडेकरू निघून गेला, तर उत्पन्न शून्यावर येते; चार घरांतले एक रिकामे झाले तरी तीन घरांचे भाडे चालू राहते. छप्पर एक, पाण्याची टाकी एक, पंप एक, त्यामुळे दुरुस्तीचा खर्चही विभागला जातो. अर्थात चारही घरे एकाच गावात असल्याने त्या परिसरातील एखादा मोठा कारखाना बंद पडला, तर चारही घरांवर एकदम परिणाम होऊ शकतो, आणि म्हणून एकाच कारखान्यावर किंवा एकाच महाविद्यालयावर अवलंबून असलेली जागा टाळलेली बरी.

आधी हिशेब, मग जागा

जागा आवडल्यावर केलेला हिशेब नेहमी जागेच्या बाजूने झुकतो, म्हणून तो आधी करावा. समजा, फोंड्याजवळ चार फ्लॅटची तयार इमारत १ कोटी ६० लाख रुपयांना मिळते आहे आणि प्रत्येक फ्लॅटला महिना १६,००० रुपये भाडे येऊ शकते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्षात त्याच वाड्यावर सध्या राहणाऱ्या भाडेकरूंकडून भाडे विचारून घ्यावे, दलालाने सांगितलेले धरू नये. वर्षाचे भाडे ७ लाख ६८ हजार होते. प्रत्येक फ्लॅट वर्षातून एक महिना रिकामा राहील असे धरले, तर ६४ हजार वजा होतात. घरपट्टी, विमा, रंगरंगोटी, पंप, जिन्यातील दिवे, सांडपाण्याच्या टाकीची सफाई आणि गळती यांसाठी एक लाख बाजूला ठेवले, तर हाती ६ लाख ४ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ५०,३०० रुपये उरतात. गोव्याच्या पावसात गच्ची आणि भिंतींची डागडुजी दरवर्षी मे महिन्यापूर्वी उरकावी लागते, त्यामुळे दुरुस्तीच्या रकमेत काटकसर धरू नये.

आता कर्ज पाहू. वैयक्तिक गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेने मर्यादा ठरवून दिली आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. या मर्यादेचा पुरेपूर उपयोग करून १ कोटी २० लाखांचे कर्ज ९ टक्के दराने १५ वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १,२१,७०० रुपये होतो. हाती येणारे भाडे ५०,३००. उरलेले ७१,००० दर महिन्याला पगारातून घालावे लागतील. याचे कारण साधे आहे: खर्च वजा जाता ही इमारत किमतीच्या चार टक्क्यांहूनही कमी मिळवून देते, आणि कर्जाचा प्रत्येक रुपया नऊ टक्के मागतो. भाड्यातून हप्ता परस्पर फिटेल ही समजूत अनेक कुटुंबांना अडचणीत आणते, आणि किंमत पुढे वाढेल या आशेवर ही तूट झाकणे धोक्याचे आहे.

म्हणून प्रश्न उलटा विचारावा: हे भाडे किती कर्ज पेलू शकते? ४० लाखांच्या कर्जाचा हप्ता त्याच दराने सुमारे ४०,६०० रुपये येतो, म्हणजे हाती उरणारे भाडे हप्त्याच्या जवळजवळ सव्वापट असते. हे प्रमाण मी किमान मानतो. व्याजदर एक टक्क्याने वाढला, तर हाच हप्ता सुमारे ४३,००० होतो आणि तरीही भाडे पुरते. मुदत २० वर्षांची केली, तर हप्ता ३६,००० पर्यंत खाली येतो. मात्र एकूण व्याज बरेच वाढते.

चाळीस लाखांचे कर्ज म्हणजे १ कोटी ६० लाखांच्या खरेदीत केवळ पाव हिस्सा. उरलेले १ कोटी २० लाख कोठून आणायचे? येथेच अनेक गोवेकर कुटुंबांकडे असलेली एक गोष्ट उपयोगी पडते: वडिलार्जित जागा. वसाहत विभागात (म्हणजे नियोजन आराखड्यात घरबांधणीसाठी राखलेल्या भागात) येणारा भूखंड हाती असेल आणि त्यावर ३२० चौरस मीटरचे बांधकाम प्रति चौरस मीटर २५,००० रुपयांनी होत असेल, तर खर्च ८० लाख होतो आणि ४० लाखांचे कर्ज त्याच्या निम्मे होते. भाडे तेच, हप्ता तोच, पण घालावे लागणारे स्वतःचे पैसे एक तृतीयांश. ज्यांच्याकडे अशी जागा आहे, त्यांनी तयार इमारत विकत घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. अशी जागा नसेल, तर एका मोठ्या इमारतीऐवजी दोन घरांची जुनी इमारत घ्यावी, किंवा भावंडांनी लेखी करार करून भांडवल एकत्र करावे.

गोव्यातील कागदपत्रे

गोव्यात कौटुंबिक व वारसाहक्काचा कायदा पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आला आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते, आणि स्थावर मालमत्ता विकताना किंवा गहाण ठेवताना दोघांचीही संमती लागते. वडिलार्जित घरात तर प्रत्येक वारस आणि त्याचा जोडीदार, असे सर्व जण येतात. एखादी बहीण लिस्बनला, एखादा चुलत भाऊ मुंबईत, आणि कागदावर नाव अजून आजोबांचे, ही स्थिती गावोगाव दिसते. अशा वेळी इन्व्हेंटरीची कार्यवाही (मृताच्या मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटण्याची कायदेशीर प्रक्रिया), जी आता २०१२ च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली चालते, ती पूर्ण होऊन वाटणी झाल्याशिवाय बँकेच्या दारात जाण्यात अर्थ नाही. तोंडी वाटणीवर घर बांधता येते, कर्ज मिळत नाही.

एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीवरील हक्कांची सरकारी नोंद, हा पहिला कागद. त्यात कब्जेदारांची नावे तर पाहावीतच, पण कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना विशेष लक्षपूर्वक वाचावा. कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवरील घरात पूर्वापार राहणारा) नोंदलेला असेल, तर विक्रेता कितीही समजावून सांगो, तो प्रश्न सुटेपर्यंत थांबावे. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण मिळाले आहे आणि घर व भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्कही आहे. शहरी भागात याच कामाचा सिटी सर्व्हेचा फॉर्म डी मागावा. जागा कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या पारंपरिक संस्थेची) आहे का, हे स्वतंत्रपणे तपासावे. सब-रजिस्ट्रारकडून बोजा नसल्याचा दाखला घ्यावा आणि स्वतःच्या वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या हक्काचा शोध करून घ्यावा. बँकेचा वकील बँकेच्या हिताचे पाहतो, त्यामुळे त्याच्या अहवालावरच विसंबू नये. परदेशी राहणाऱ्या मालकांच्या जागा बनावट कागदपत्रांनी विकल्या गेल्याच्या तक्रारींमुळे २०२२ मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले होते. मुखत्यारपत्रावर होणाऱ्या प्रत्येक व्यवहारात मूळ मालकाशी प्रत्यक्ष बोलणे म्हणूनच अगत्याचे आहे.

बांधायचे असेल, तर नगर नियोजन खात्याकडून विभागाचा दाखला, जमीन बिगरशेती करण्याची रूपांतराची सनद, तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना, असा क्रम असतो. रस्त्याची रुंदी आणि अनुज्ञेय चटई क्षेत्र यांवरून किती घरे बसतील हे ठरते, तेव्हा आर्किटेक्टला जागा घेण्यापूर्वीच दाखवावी. भातशेतीच्या जागेकडे पाहूच नये; २०२३ च्या कायद्याने तिचे हस्तांतरण शेतकऱ्यांपुरते मर्यादित केले आहे. नदीकाठच्या आणि समुद्राजवळच्या जागेला किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात. तयार इमारत घेताना भोगवटा प्रमाणपत्र (ऑक्युपन्सी सर्टिफिकेट) नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ती घेऊ नये, कारण पुढे वीज, पाणी, कर्ज आणि विक्री या चारही ठिकाणी अडचण येते.

बँकेत जाताना

एक फ्लॅट आणि चार घरांची इमारत यांकडे बँक एकाच नजरेने पाहत नाही. परतफेड मुख्यतः भाड्यातून होणार असेल, किंवा अर्जदाराचे हे तिसरे वा त्यापुढचे घर असेल, तर बँक ते कर्ज व्यावसायिक स्थावर मालमत्तेच्या वर्गात टाकू शकते आणि मग दर वाढतो व मुदत कमी होते. हे पहिल्याच भेटीत विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. बांधकामासाठीचे कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते. पाया, स्लॅब, भिंती अशा प्रत्येक टप्प्यानंतर अभियंता पाहणी करतो आणि मग रक्कम सुटते, त्यामुळे ठेकेदाराचे देणे आणि बँकेकडून सुटणारी रक्कम यांत पडणारे अंतर भरण्यासाठी स्वतःजवळ रोकड लागते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क मिळून गोव्यात किमतीच्या सहा टक्क्यांहून अधिक जातात आणि साधारणपणे ते कर्जात धरले जात नाहीत. सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय कर्जाच्या कागदांवर सही करू नये. बदलत्या दराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड लागत नाही, म्हणून वर्षाअखेर शिल्लक राहिलेले भाडे मुद्दलात भरत जावे.

विक्रेता अनिवासी असेल, तर रहिवासी विक्रेत्याच्या बाबतीत ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारावर आयकरापोटी कापला जाणारा एक टक्का पुरेसा नसतो. कपातीचा दर बराच जास्त असतो आणि ती जबाबदारी खरेदीदारावर येते. सनदी लेखापालाचा सल्ला करारापूर्वीच घ्यावा.

भाडेकरू आणि कर

प्रत्येक घराला स्वतंत्र वीज मीटर आणि शक्य असल्यास स्वतंत्र पाण्याचा मीटर बसवावा. भांडणांपैकी निम्मी तेथेच मिटतात. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी मुद्रांकावर, साक्षीदारांसह करावा, कारण १९६८ च्या गोवा भाडे नियंत्रण कायद्याखाली भाडेकरूला मिळणारे संरक्षण भक्कम आहे आणि ढिसाळ कागद मालकाच्याच विरोधात जातो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. परदेशी नागरिक राहायला आला, तर २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते.

भाड्याच्या उत्पन्नातून आधी भरलेली घरपट्टी आणि मग उरलेल्या रकमेच्या ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, शिवाय कर्जाचे व्याजही वजा होते. नव्या करप्रणालीत मात्र व्याजामुळे आलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेखालील सामाईक मालमत्तेच्या दांपत्याचे भाड्याचे उत्पन्न आयकर कायद्यानुसार पती आणि पत्नीत समान विभागले जाते; पगार मात्र असा विभागला जात नाही. सहा लाखांचे भाडे अशा रीतीने तीन-तीन लाखांत मोडल्यावर एकूण कर बराच खाली येऊ शकतो, आणि ही विभागणी ऐच्छिक नसल्यामुळे दोघांनीही आपापल्या विवरणपत्रात ती पहिल्याच वर्षापासून दाखवायला हवी.