डी-वॉलच्या ट्रेंचमध्ये बेंटोनाइट: आधी लेव्हल, मग बाकीचं

मेट्रो स्टेशन किंवा खोल बेसमेंटची डायफ्राम वॉल (डी-वॉल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेली काँक्रीटची भिंत) करताना 60 ते 100 सेंटिमीटर रुंदीचा ट्रेंच 20-30 मीटर खाली जातो आणि काँक्रीट पडेपर्यंत त्याला ना शटरिंग ना स्ट्रट (आडवा टेकू), फक्त बेंटोनाइटचा घोळ, म्हणजे फुगणारी बारीक चिकणमाती पाण्यात कालवलेली. साइटवर नवीन आलेली पोरं पहिलं विचारतात डेन्सिटी किती ठेवायची, मी म्हणतो बाबांनो आधी घोळाची लेव्हल बघा. हिशोब करा, 1.05 डेन्सिटीचा घोळ जमिनीतल्या पाण्यापेक्षा दीड मीटर वर ठेवला, तर पाण्याच्या लेव्हलखाली 4 मीटरवर पाण्यापेक्षा जादा दाब मिळतो चौरस मीटरला साधारण 1.8 टन, त्यात डेन्सिटीचा वाटा फक्त 0.2, बाकी सगळा त्या दीड मीटरचा!

म्हणून ग्रॅब (खोदणारा जबडा) माती घेऊन वर आला की तेवढा घोळ लगेच भरायचा, नंतर बघू म्हणायचं नाही. पाणी अगदी वर लागत असेल तर गाईड वॉलच (ट्रेंचच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना असलेल्या छोट्या भिंती) जमिनीच्या वर उचलून बांधा. पावसाळ्यात पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याची लेव्हल दाखवणारी नळी) रोज वाचा.

घोळ सोडियम बेंटोनाइटचा, 1000 लिटर गोड्या पाण्याला 40 ते 60 किलो, हाय-शिअर मिक्सरमध्ये फिरवून किमान 12 तास, जमलं तर 24 तास फुगू द्यायचा, घाई केली की मार्श कोनचे, म्हणजे ठराविक घोळ नरसाळ्यातून किती सेकंदात गळतो त्याचे, आकडे फसवे येतात (ताजा घोळ 32 ते 50 सेकंदात बसला पाहिजे). खारं पाणी अजिबात नको, कण गोळा होऊन बसतात आणि भिंतीवर पापुद्रा नीट धरत नाही. सगळा खेळ त्या पापुद्र्याचाच आहे, घोळातलं पाणी मातीत झिरपतं, कण मागे राहतात आणि घोळाचा दाब त्यावर टेकून माती धरतो. जाड खडीचा थर लागला तर मात्र पापुद्रा धरायच्या आतच घोळ पळतो, लेव्हल भराभर उतरते, तेव्हा खोदाई थांबवा, राखीव टाकीतला घोळ सोडा, तरी थांबत नसेल तर ट्रेंच सरळ मातीने भरून घ्या, पॅनल (भिंतीचा एका वेळी खोदायचा तुकडा) परत खोदता येतं. राखीव टाकीत निदान एका पॅनलएवढा घोळ हवाच.

सळ्यांचा पिंजरा उतरवायच्या आधी सॅम्पल तळातूनच घ्या, वरचं नेहमी छान दिसतं, आणि वाळू 4 टक्क्यांच्या वर असेल तर डीसँडरमधून (घोळातली वाळू काढणारं यंत्र) फिरवा. मग ट्रेमी, म्हणजे तळापासून काँक्रीट ओतायचा पाईप, त्याचं टोक काँक्रीटमध्ये कायम 2 मीटर तरी बुडालेलं. शेवटी काँक्रीटच्या लगत येणारा घोळ सिमेंटने घट्ट झालेला असतो, तो टाकीत परत घेऊ नका.