क्लोरीन लागू पडेना, तेव्हा दोष गोळ्यांचा निघाला

मढच्या आमच्या घरच्या तरणतलावात गेल्या उन्हाळ्यात रोज क्लोरीनच्या (ट्रायक्लोर) गोळ्या घालूनही पाणी हिरवट होत असे. चाचणी संचात मुक्त क्लोरीन (जंतू मारायला उपलब्ध असलेला) २ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २ भाग, दिसत असल्याने, जे सर्वसाधारणपणे पुरेसे मानले जाते, मला शंका आली नाही.

सायन्यूरिक आम्ल मोजल्यावर मात्र उलगडा झाला. वाचन मोजपट्टीच्या पलीकडे गेल्याने नमुन्यात तेवढेच नळाचे पाणी मिसळले, तेव्हा ६० आले. म्हणजे प्रत्यक्षात १२०. हे आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवते, पण प्रमाणाबाहेर गेले की क्लोरीनची जंतुनाशक शक्ती बांधून ठेवते. ट्रायक्लोरच्या गोळ्यांमधून १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम सायन्यूरिक आम्ल पाण्यात उतरते आणि ते सहसा आपोआप नाहीसे होत नाही, हे मला आधीच कळायला हवे होते.

आम्ल कमी करायला पाणी बदलावे लागणार होते. टँकरचे पाणी त्यासाठी ओतणे मला पटेना, म्हणून पावसाची वाट पाहिली. जमिनीतील पाण्याच्या दाबाने रिकामा तलाव वर उचलला जाऊ शकतो, त्यामुळे एकदम उपसा न करता जुलैत दोनदा निम्मे पाणी काढून पावसाने भरू दिले, आणि आम्ल ३० वर आले. मग सामू (पीएच) तपासून ७.४ वर आणला.

आता गोळ्यांऐवजी रोज संध्याकाळी द्रवरूप क्लोरीन घालतो. रात्रभरातील घट १ पीपीएमच्या आतच राहते.