शिअरिंग मशीनचं ब्लेड: घेताना काय बघायचं आणि धार कशी टिकवायची

पत्रा नीट कापला जात नाही, बर (कडेला उरणारी धारदार कुसळं) येतेय, म्हणजे ब्लेड गेलं असं समजून लगेच ऑर्डर टाकू नका. आधी कापलेली कड उजेडात धरून बघा. चांगल्या कटमध्ये वरचा साधारण एक तृतीयांश भाग चकचकीत दिसतो आणि खालचा खरखरीत राखाडी, कारण ब्लेड पत्र्यात थोडंच शिरतं, उरलेला पत्रा तडा जाऊन तुटतो. बर मोठी, कड गोल झालेली, पत्रा आत ओढल्यासारखा दिसतोय, तर गॅप, म्हणजे वरच्या आणि खालच्या ब्लेडमधलं अंतर, जास्त आहे नाहीतर धार बसली, म्हणजे बोथट झाली आहे. आणि चकचकीत पट्टा एकदा येऊन मध्येच परत दुसऱ्यांदा दिसत असेल तर गॅप कमी. पट्ट्या पिळल्यासारख्या निघतात त्यात मात्र ब्लेडचा दोष नसतो बऱ्याचदा, वरचं ब्लेड तिरकं असतं म्हणून अरुंद पट्टी पिळतेच.

आता हा गॅप किती ठेवायचा ते बघू. एमएससाठी (माइल्ड स्टील, साधं लोखंड) पत्र्याच्या जाडीच्या ५ ते १० टक्के धरून चाला. म्हणजे २ मिमी पत्र्याला ६ टक्क्यांनी ०.१२ मिमी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) दोन्ही टोकांना आणि मध्ये, तिन्ही ठिकाणी लावायचा, एका टोकाला बघून सोडून देतात बरेच जण आणि मग म्हणतात डावीकडे बर येते उजवीकडे नाही. पातळ पत्र्याच्या सेटिंगसाठी कागदाची पट्टी तिन्ही ठिकाणी कापून बघायची, कुठे दुमडला तर तिथे गॅप जास्त.

आमच्याकडे एकदा नवीन ब्लेड आठवड्यात खपली उडून बाद झालं. सगळे म्हणाले स्टीलच खराब. नंतर कळलं की १ मिमीच्या सेटिंगवर कुणीतरी ५ मिमीची प्लेट घातली होती, गॅप न बदलता.

ब्लेड घेताना सप्लायरला नुसती लांबी-रुंदी-जाडी सांगू नका, काय कापणार ते सांगा. पातळ पत्रा, दिवसभर तेच काम, तर डी-टू टूल स्टील म्हणजे आपण ज्याला एचसीएचसीआर म्हणतो ते चांगलं, कडकपणा ५८ ते ६० एचआरसीच्या (कडकपणाचं रॉकवेल माप) आसपास, धार खूप टिकते. पण जाड प्लेटला हेच ब्लेड ठिसूळ पडतं, तिथे झटका सहन करणारं टूल स्टील लागतं, कडकपणा थोडा कमी, धार लवकर जाईल पण तुकडा उडणार नाही. सगळ्यात कडक ते सगळ्यात चांगलं, हा गैरसमज आहे बघा. जमलं तर चार धारांचं ब्लेड घ्या, एक बसली की फिरवून दुसरी. कुठली वापरून झाली त्यावर मार्करने खूण करा, नाहीतर सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

एसएस (स्टेनलेस स्टील) कापत असाल तर मशीनच्या पाटीवरचा जास्तीत जास्त जाडीचा आकडा एमएसचा असतो हे लक्षात ठेवा. एसएस ताकदीला जास्त आणि कापताना अजून कडक होत जातं, त्यामुळे ६ मिमी एमएसच्या मशीनवर साधारण ४ मिमीपर्यंतच थांबा. ॲल्युमिनियम आणि जीआयचा (जस्त चढवलेला पत्रा) माल धारेला चिकटतो, रोज पुसा, थोडं तेल लावा. वेल्डिंगचे थेंब असलेला किंवा गॅसने कापलेल्या कडेचा तुकडा घालू नका, ती कड कडक झालेली असते, आणि सळया-तारा तर अजिबातच नको.

ग्राइंडिंगला उशीर करू नका. धार जरा गोल झाली की थोडंच घासावं लागतं, खपल्या उडाल्यावर दिलं तर तेवढा खोल खड्डा जाईपर्यंत सगळं ब्लेड घासायचं. सरफेस ग्राइंडरवर, भरपूर कूलंट सोडून, थोडा थोडा कट घेऊनच. हँड ग्राइंडर फिरवून धार काढणारे बघितलेत मी, दिसते छान पण सरळ राहत नाही. निळे डाग पडले की समजा ब्लेड जळलं, टेंपर (उष्णता देऊन आणलेला कडकपणा) गेला, बारीक चिरा पण पडतात. ब्लेड दोन तुकड्यांत असेल तर दोन्ही एकाच सेटिंगवर घासा. घासल्यावर माप कमी होतं, म्हणून मागे शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालायची आणि गॅप परत पहिल्यापासून सेट करायचा.

बदलताना मेन स्विच बंद करून कुलूप लावा आणि मेकॅनिकल मशीन असेल तर फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत हात घालू नका, स्विच बंद केल्यावरही ते फिरत राहतं. २५०० मिमी लांब, ८० रुंद, २० जाड ब्लेड ३१ किलोच्या वर भरतं, एकट्याने उचलायचं नाही, खाली लाकडी ठोकळे ठेवा. बसायची जागा पुसून एकदम स्वच्छ करा, एखादा कीस खाली राहिला की ब्लेड तिथेच वाकडं बसतं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या टोकांकडे घट्ट करत जा आणि थोडे कट झाल्यावर परत एकदा तपासा, पहिल्या दिवशी ते थोडे ढिले होतातच.