भारत आणि न्यूझीलंडच्या शेतीचं उत्सर्जन कम्पेअर करताय? या चुका टाळा

भारताचा आकडा सरकारी रिपोर्टमधून उचलायचा, न्यूझीलंडचा त्यांच्या इन्व्हेंटरीतून (म्हणजे देशाच्या उत्सर्जनाच्या सरकारी हिशोबवहीतून), दोन्ही एक्सेलमध्ये टाकून लाइन चार्ट काढायचा आणि खाली ठोकून द्यायचं की बघा कोण सुधारलं नि कोण बिघडलं. कॉलेजच्या प्रोजेक्टपासून टीव्हीवरच्या ग्राफिकपर्यंत हाच प्रकार चालतो आणि बहुतेक वेळा त्या चार्टला काही अर्थ नसतो.

सगळ्यात मोठा घोळ गुणकाचा. मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांची बेरीज करायची तर सगळं कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात आणावं लागतं, त्यासाठी प्रत्येक वायूला एक गुणक असतो आणि तो आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ मंडळाच्या, रिपोर्टागणिक बदलत गेलाय. मिथेनला दुसऱ्या रिपोर्टात २१, चौथ्यात २५, पाचव्यात २८. आता गंमत बघा, भारताने संयुक्त राष्ट्रांना २०२१ मध्ये पाठवलेला उत्सर्जनाचा रिपोर्ट, बीयूआर-३ (आकडे २०१६ चे), २१ ने गुणतो आणि न्यूझीलंडची आताची इन्व्हेंटरी २८ ने. बीयूआर-३ मध्ये भारताच्या शेतीचं उत्सर्जन साधारण ४०.८ कोटी टन आहे, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे २२ कोटींच्या आसपास, जनावरांच्या रवंथातून येणारं मिथेन. तेच मिथेन २८ ने गुणलं की आकडा जवळजवळ ३० कोटी होतो, गोठ्यात एक म्हैस वाढलेली नसताना! बरं, सगळ्या बेरजेला सरसकट ३३ टक्के चढवून चालेल म्हणाल तर तेही नाही, कारण नायट्रस ऑक्साइडचा गुणक उलटा गेलाय, ३१० वरून २६५. त्यामुळे दोन्ही देशांचे आकडे वायूनिहाय, साध्या टनात घ्या आणि एकच गुणक स्वतः लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं, भारताच्या रिपोर्टांमधून सलग सिरीज बनत नाही. न्यूझीलंड १९९० पासून दरवर्षीचे आकडे देतं, आपल्याकडे १९९४, २०००, २०१०, २०१४, २०१६, २०१९, २०२० असे ठिपके आहेत, पद्धतही मधे मधे बदललेली, त्यांना रेघेने जोडलं की जो ट्रेंड दिसतो तो एक्सेलने काढलेला असतो. सलग सिरीज पाहिजे तर एफएओस्टॅट, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा ऑनलाइन डेटाबेस वापरा, तिथे १९६१ पासून मिळते आणि दोन्ही देशांना पद्धत एकच.

पण एफएओस्टॅटलाही डोळे मिटून घेऊ नका. तिथे हिशोब साधा आहे, जनावरांची संख्या गुणिले एक ठरलेला आकडा. दुभत्या गाईला भारतीय उपखंडात वर्षाला ५८ किलो मिथेन, ओशनियात ९०, म्हशीला ५५. आता न्यूझीलंडची आजची गाय १९९० च्या गाईपेक्षा जास्त दूध देते, म्हणजे जास्त खाते, म्हणजे मिथेनही जास्त सोडते, हे त्यांच्या स्वतःच्या इन्व्हेंटरीत पकडलं जातं, एफएओस्टॅटमध्ये नाही. आपल्याकडे संकरित गाई वाढल्या त्याचंही तेच. म्हणून माझं मत असं की दोन देश शेजारी ठेवायचे तर एफएओस्टॅट, आणि एकाच देशात काय बदललं ते बघायचं तर त्या देशाची इन्व्हेंटरी. एकाच चार्टमध्ये दोन्ही कालवू नका. आणि हो, न्यूझीलंड दरवर्षी मागचे सगळे आकडे १९९० पर्यंत नव्याने काढतं, त्यामुळे १९९० चा आकडा जुन्या पीडीएफमधून आणि २०२० चा नव्यातून असं अजिबात करू नका.

सुरुवातीचं वर्ष कुठलं धरता यावर अख्खी गोष्ट फिरते. न्यूझीलंडमध्ये १९८२ ला ७ कोटी मेंढ्या होत्या, १९९० पर्यंत त्या ६ कोटींच्या खाली आल्या होत्या, आता अडीच कोटींच्या आसपास. दुभत्या कळपातल्या गाई मात्र १९९० नंतर ३४ लाखांवरून ६० लाखांच्या घरात गेल्या. नुसत्या मेंढ्या दाखवल्या तर देश संत वाटतो, नुसत्या गाई दाखवल्या तर खलनायक.

मग कशात काय मोजलंय ते बघा. ट्रॅक्टरचं डिझेल आणि मोटरपंपाची वीज सरकारी रिपोर्टात शेतीत नाही, ऊर्जेत जाते. युरियाच्या कारखान्याचं उत्सर्जनही शेतीत नसतं. शेण खड्ड्यात गेलं तर शेतीच्या खात्यात, गोवऱ्या थापून चुलीत जाळल्या तर त्याचा धूर ऊर्जेच्या खात्यात. भातशेतीचं मिथेन आपल्याकडे मोठं आहे, न्यूझीलंडमध्ये तो रकानाच रिकामा.

दरडोई काढाल तर न्यूझीलंड भयंकर दिसतं, कारण माणसं ५० लाखांच्या थोडी वर आणि बहुतेक दूध पावडर-लोणी होऊन परदेशात जातं. लिटरमागे काढाल तर आपण मार खातो, त्यातही भाकड गाई आणि औताचे बैल दुधाच्या खात्यात टाकलेत का ते आधी तपासा.

आकडा हजारपट चुकलेला वाटला तर युनिट बघा. एक गिगाग्रॅम म्हणजे हजार टन, एक मिलियन टन म्हणजे १० लाख टन.

चार्टमध्ये मधेच एखाद्या वर्षी उडी दिसली तर लगेच धोरण नाहीतर दुष्काळ शोधायला जाऊ नका. भारतात पशुगणना २०१२ नंतर थेट २०१९ ला झाली, मधल्या वर्षांची संख्या अंदाजाची. एफएओस्टॅटमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी फ्लॅगचा कॉलम असतो, अधिकृत की अंदाजे ते तिथे कळतं. डाउनलोड करताना बरेच जण तोच कॉलम आधी डिलीट करतात.